घाटपायथ्याचा सुगंधी धूर

मुंबईहून पुण्याला निघालेला जुन्या काळचा प्रवासी खोपोलीला थांबल्याशिवाय पुढे जाऊच शकत नसे. भरतीच्या पाण्यावर होडीनं पनवेल, तिथून चौक आणि खालापूर मागे टाकत पाताळगंगेच्या काठानं खोपोली, आणि मग समोर उभा बोरघाट. माणसं, बैल, पालख्या, सगळ्यांनी इथं दम खायचा आणि घाट चढायची तयारी करायची. नाना फडणविसांनी इथं तळं बांधून काठावर महादेवाचं देऊळ उभं केलं ते याच वाटसरूंसाठी. इंग्रजांच्या प्रवासवर्णनांत या गावाचं नाव कंपौली असं काहीतरी वेडंवाकडं येतं, पण तळ्याची तारीफ सहसा चुकत नाही. १८०४ मध्ये पेशव्यांच्या भेटीला निघालेला लॉर्ड व्हॅलेन्शिया, १८०९ मधली मारिया ग्रॅहॅम, १८२५ च्या पावसाळ्यात घाट चढलेला बिशप हेबर, सगळे याच वाटेचे.

या मंडळींनी देवळाविषयी, नानांविषयी, पुढल्या कार्ल्याच्या लेण्यांविषयी भरभरून लिहिलं. त्यांच्याबरोबर चालणाऱ्या माणसांविषयी मात्र फार थोडं. त्या काळी कंपनीचा बरा हुद्देदार प्रवासाला निघाला की भोई, खानसामा, मशालजी, धोबी असा लवाजमा निघे, आणि साहेब शौकीन असला तर त्यात हुक्केबरदार असेच. कलकत्त्याएवढं हुक्क्याचं वेड मुंबईत कधीच नव्हतं, पण मुंबई इलाखाही त्यातून सुटलेला नव्हता. मला या लेखात त्या हुक्केबरदाराच्या मागे जायचं आहे. कारण आज इंग्लंडातल्या काही जुन्या पाईप-तंबाखूंना गुलाबाचा, जिरॅनियमचा, बदामाचा वास येतो आणि जगभरचे शौकीन तो ‘अस्सल इंग्रजी’ म्हणून नाकाशी धरतात. ज्या काळी या रस्त्यावरचा इंग्रज फुलांच्या वासाचा धूर ओढत होता, त्या काळी त्या वासाला कुणी इंग्रजी म्हटलं नसतं.

हुक्केबरदाराचं काम हलकं नव्हतं. तंबाखू नुसता जाळून चालत नसे. पानं बारीक कुटायची, त्यात गूळ किंवा काकवी घालून मळायची, त्यात मसाले, जटामांसीसारखी सुवासिक मुळं, कधी पिकलेली फळं, वर गुलाबपाणी. हा चिकट काळा गोळा मुरवत ठेवायचा. मुरून आंबवलेल्या भारी जातीला खमिरा म्हणत. पान कुठलं हेही महत्त्वाचं होतं. माळव्यातल्या भेलशाच्या तंबाखूची कीर्ती सगळ्या हिंदुस्थानात होती. मग चिलमीत हा गोळा बसवायचा, वर छोटा तवा, त्यावर कोळशाच्या भुकटीत भाताची पेज घालून वळलेले गुल फुलवून ठेवायचे. साध्या कोळशाचा वास तंबाखूला लागतो, म्हणून हे गुल. खालच्या भांड्यातलं पाणी बदलायचं, त्यातही गुलाबपाणी टाकायचं, सटक म्हणजे ओढायची लांब नळी ओली करून ठेवायची, तिच्या टोकाची रुप्याची मोहनाळ पुसून साहेबाच्या हाती द्यायची. एवढं झाल्यावर साहेब दोन झुरके घेणार आणि हुक्केबरदार शेजारी बसून निखारे फुंकत राहणार.

गूळ आहे म्हणून हा गोळा जळत नाही, शिजतो. तंबाखूचा उग्रपणा गोडव्यात बुडतो, आणि वास धुरातून येण्याआधी वाफेतून येतो. सुगंध टिकतो तो मंद आचेमुळे. हे तंत्र पक्कं देशी होतं आणि त्याला लागणारी मुख्य गोष्ट होती वेळ.

तंबाखू स्वतः मात्र परका. पोर्तुगीजांबरोबर तो दख्खनच्या किनाऱ्यावर आला आणि आदिलशाहीत रुजला. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता, तो १६०४ च्या सुमारास परतताना ही चीज आग्र्याला घेऊन गेला. त्यानं बादशहासाठी जडावाची नळी तयार करवली, यमनी अकिकाची मोहनाळ बसवली आणि तबकातून पेश केली. अकबरानं वैद्याचा विरोध डावलून दोन-चार झुरके घेतले, पुढे मात्र सवय लावून घेतली नाही. दरबाऱ्यांनी ती कसर भरून काढली. १६१७ मध्ये जहांगिरानं तंबाखूबंदीचा हुकूम काढला, पण तोवर फार उशीर झाला होता. म्हणजे उत्तरेला हे व्यसन पोचलं ते दख्खनच्या वाटेनं. एरवी आपल्याकडे वाईट सवयी उत्तरेहून आल्या असं सांगायची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

पाऊणदोनशे वर्षांनी कंपनीच्या गोऱ्या कलकत्त्यात हुक्का हा सभ्यपणाचा दाखला झाला होता. विल्यम हिकी १७७७ मध्ये तिथं पोचला तेव्हा हुक्का ओढला नाहीस तर चालीरीतीबाहेर पडशील असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं करून पाहिलं, आवडलं नाही, सोडून दिलं. वॉरन हेस्टिंग्ज दांपत्याचं ऑक्टोबर १७७९ चं एक निमंत्रण प्रसिद्ध आहे. गाणं आणि जेवण, आणि पाहुण्यानं हुक्केबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये ही विनंती. बायकाही ओढत. एखाद्या पुरुषाच्या हुक्क्याचे दोन झुरके बाईनं घेणं हा त्याचा मोठा मान, आणि त्या वेळी मोहनाळ बदलून देणं ही त्याची सभ्यता, असं ग्राँप्रे नावाच्या फ्रेंच प्रवाशानं लिहून ठेवलं आहे.

त्याच १७७९ च्या आरंभी, निमंत्रणाच्या नऊ महिने आधी, खोपोलीच्या रस्त्यानं इंग्रजांना वेगळा धडा मिळाला होता. राघोबादादांना गादीवर बसवायला मुंबईकरांची फौज पनवेलला उतरून बोरघाट चढली. लढणारे चार हजारांच्या आत-बाहेर, सामान ओढायला मात्र एकोणीस हजारांवर बैल. इतिहासकार ग्रँट डफनं हा आकडा दिला आहे. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतच्या आठ मैलांना त्यांना अकरा दिवस लागले. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला, तोच आपला इष्टुर फाकडा. १६ जानेवारीला हार मानून त्यांना वडगावचा तह करावा लागला. एवढं ओझं घेऊन लढायला निघालेल्या लोकांना हुक्क्यासारखी संथ चैन का आवडली असेल, याचं फार आश्चर्य वाटायचं कारण नाही.

घाटाच्या वरच्या बाजूला, पुण्यात, या धुराकडे पाहायची नजर निराळी होती. ब्राह्मणाला धूम्रपान शोभत नाही असं मानलं जाई, तपकीर मात्र चाले, आणि चांगलीच चाले. दरबारात निरोपाला अत्तर, गुलाब, विडा. मराठा सरदारांना हुक्क्याचं वावडं नव्हतं, त्यांच्या कितीतरी चित्रांत गादीपुढे हुक्का मांडलेला दिसतो. पण वडीलधाऱ्यापुढे किंवा धन्यापुढे तो ओढायचा नाही, हा दंडक. आणि या सगळ्यांच्या पायाशी, खालापूर-कर्जतच्या डोंगरउतारावर, ठाकर आणि कातकरी आपट्याच्या पानात तंबाखू वळून विडी ओढत होते. तिला ना गुलाबपाणी ना गुल. कातकऱ्यांचा तर व्यवसायच खैराचा कात पाडणं आणि कोळसा पाडणं. विड्यातला कात आणि चुलीतला कोळसा त्यांनी पुरवायचा आणि धूर दुसऱ्यांनी काढायचा, अशी ती विभागणी.

हुक्का गेला कसा, याची कारणं इतिहासकार देतात ती खोटी नाहीत. १८१८ नंतर सत्ता पक्की झाली तसा इंग्रज इथल्या चालींपासून अंग चोरू लागला. मेमसाहेब आल्या, पाद्री आले, नबाबी थाट हास्यास्पद ठरला, तिरुचिरापल्लीचे चिरूट स्वस्त आणि सोयीचे होते. यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा शब्दकोश १८८६ मध्ये निघाला तोवर गोऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावरचा हुक्का ही म्हाताऱ्यांनी सांगायची आठवण झाली होती. पण बोरघाटाच्या पायथ्याशी उभं राहून पाहिलं की मला आणखी एक कारण दिसतं, आणि ते मला या सगळ्यांहून भारी वाटतं. हुक्का चाकानं मारला.

पालखी आणि हुक्का यांचं जमायचं. भोई एका लयीत चालत, साहेब आडवा पडलेला, हुक्केबरदार बाजूनं चालतोय, सटक पालखीत गेलेली. मुक्कामाला तास दोन तास सहज मिळायचे. घाटातून चाक जातच नसे. वेलस्लीनं १८०४ च्या सुमारास तोफांपुरती वाट केली होती, पण एरवी सामान माणसांच्या डोक्यावर आणि बैलांच्या पाठीवर. १० नोव्हेंबर १८३० ला गव्हर्नर सर जॉन माल्कमनं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि घाटात पहिल्यांदा नीट चाक फिरलं. घोडागाडीत हुक्का सावरणार कोण? पाणी हिंदकळतं, निखारे उडतात, आणि हुक्केबरदाराला बसायला जागा नाही. ओठात चिरूट धरून मात्र कितीही धक्के खाता येतात.

मग रेल्वे आली. १८५६ च्या मे महिन्यात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोचला. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा भाग सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. त्यामुळे जवळजवळ पाच वर्षं एक चमत्कारिक प्रवास चालू होता. मुंबईहून खोपोलीला आगगाडीनं, खोपोलीहून खंडाळ्याला पालखी, तट्टू किंवा खुर्चीत बसून, आणि पुन्हा आगगाडी. खोपोलीच्या भोयांची ती शेवटची सुगी.

घाटाचं काम मुख्य अभियंता जेम्स बर्कलीच्या आखणीनुसार १८५६ ला सुरू झालं. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. त्याच्या काळात मजुरी थकल्यावरून १८५९ च्या आरंभी मजुरांचा उठाव झाला आणि कंत्राट त्याच्या हातून गेलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, त्याच वर्षी इथं येऊन थोड्याच दिवसांत आजारानं मेला. त्याची बायको ॲलिस मागे हटली नाही. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांना हाताशी धरून तिनं कंत्राट पुरं केलं. पावणेसोळा मैलांची चढण, १८३१ फुटांची उंची, पंचवीस बोगदे. १८६१ मध्ये एका वेळी बेचाळीस हजार माणसं राबत होती. पटकीनं, सुरुंगानं, कड्यावरून पडून किती गेले याचा विचार करवत नाही. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रियरनं घाटमार्गाचं उद्घाटन केलं. मुंबईचा प्रवासी आता कर्जतवरून डब्यात बसल्या बसल्या घाट चढू लागला आणि खोपोली कडेला पडली. तळ्याकाठी थांबायचं कारणच उरलं नाही.

बोगदे खणायला आलेला गोरा माणूस हेस्टिंग्जच्या पंगतीतला नव्हता. तो ओव्हरसियर, गवंडी, फोरमन. त्याच्या वर्गाची वस्तू म्हणजे मातीचा पाईप, आणि थोड्याच वर्षांत फ्रान्सच्या सँ-क्लोदमधून येऊ लागलेला ब्रायर लाकडाचा. पाईपला नोकर लागत नाही. एका हातानं भरता येतो, दातात धरून दोन्ही हातांनी काम करता येतं.

आता थोडं त्याच्या देशात जाऊ. इंग्लंडच्या वायव्येला, सरोवरांच्या डोंगराळ मुलखात, केंडल नावाचं गाव आहे. १७९२ मध्ये टॉमस हॅरिसन नावाच्या माणसानं ग्लासगोहून तपकीर दळायची जुनी यंत्रं आणून तिथं धंदा मांडला. पुढे त्याच्या मुलीशी सॅम्युएल गॉविथनं लग्न केलं आणि घराण्याचं नाव धंद्याला चिकटलं. त्या एका घराण्यातून फुटून दोन कंपन्या झाल्या, सॅम्युएल गॉविथ आणि गॉविथ हॉगार्थ. शतकाहून अधिक काळ एकाच गावात शेजारी-शेजारी दोघी तपकीर आणि पाईपचा तंबाखू बनवत राहिल्या आणि २०१५ मध्ये पुन्हा एक झाल्या. एनरडेल फ्लेक, ग्राउसमूर ही त्यांच्या तंबाखूंची नावं, डोंगरदऱ्यांवरून आणि शिकारीच्या माळांवरून घेतलेली. आणि वास? टोंका बिया, गुलाबी जिरॅनियम, बदाम, गवती चहासारखी लिंबट छटा. या वासाचे निंदक त्याला साबण म्हणतात. चाहतेही साबणच म्हणतात, फक्त कौतुकानं.

हा वास तिथं टिकला कशामुळे, याचं उत्तर मला मोठं मौजेचं वाटतं. ब्रिटनमध्ये तंबाखू परदेशातून येई, आणि त्यावरची जकात वजनावर असे. व्यापारी त्यात साखर, काकवी, मध, वाटेल तो पाला घालून वजन वाढवत. सरकारचं उत्पन्न बुडायला लागलं तेव्हा १८४२ च्या कायद्यानं ही सगळी भेसळ बंद केली. लोकांच्या छातीची काळजी त्यामागे नव्हती, खजिन्याची होती. गोडवा गेला, सुवासिक तेलाचा अंश तेवढा चालत राहिला, कारण त्यानं वजन वाढत नाही. अमेरिकेतले कारखाने आपला तंबाखू साखरेत आणि मद्यात भिजवत असताना केंडलवाल्यांच्या हाती उरली ती अत्तराची बाटली. कडक काळ्या पानाची वडी दाबायची, त्यावर फुलांच्या तेलाचा शिडकावा करायचा आणि तिचे काप काढायचे. इकडे खोपोलीच्या मुक्कामी हुक्केबरदार जे मळत होता त्यात गूळही होता आणि गुलाबही. तिकडच्या कायद्यानं गूळ काढून घेतला आणि गुलाब ठेवला. केंडलनं हुक्क्याची नक्कल केली असं मी म्हणत नाही, युरोपातल्या तपकिरीला फुलांचा वास द्यायची रीत त्याआधीपासूनची आहे. पण ज्या दशकांत बोरघाटातून गुलाबी धूर उतरणीला लागला, त्याच दशकांत इंग्लंडच्या एका कोपऱ्यात त्याला कायद्यानं ठाव दिला, हे खरं.

आणि तो वास सगळाच परदेशी होता असंही नाही. एकोणिसाव्या शतकात खानदेशात, पिंपळनेर-नंदुरबारकडच्या डोंगरांत, रोशा गवताचं तेल काढायचा मोठा धंदा होता. पावसाळा सरता सरता गवत फुलावर आलं की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. मोठ्या हंड्यात गवत कोंबायचं, पाणी घालून तोंड बंद करायचं, खाली लाकडं पेटवायची, आणि नळीतून येणारी वाफ ओढ्याच्या गार पाण्यात थंड करून तेल धरायचं. हे तेल मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्राकडे जाई, तिथून कॉन्स्टँटिनोपलला, आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. युरोपच्या बाजारात त्याला जिरॅनियमचं तेल म्हणत, जिरॅनियमशी त्याचं काही नातं नसताना. ऑस्कर जेकबसन या जर्मन रसायनज्ञानं १८७१ मध्ये गुलाबाच्या वासामागचं एक मुख्य द्रव्य, जिरॅनिऑल, पहिल्यांदा वेगळं केलं ते हिंदुस्थानातल्या या गवताच्या तेलातून. साबण, अत्तरं आणि तंबाखू हे या तेलाचे ठरलेले गिऱ्हाईक. साबणाचा वास येतो म्हणणारे लोक म्हणूनच फार चुकत नाहीत. दोन्हींची बाटली एकच होती.

घाटाच्या या बाजूला पाईपवाल्या साहेबांची पुढली पिढी खोपोलीला थांबलीच नाही. ती माथेरानला गेली. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये खालापूरच्याच चौक गावाहून तो डोंगर चढला, त्याच वर्षी पुन्हा येऊन राहिला, आणि पाच वर्षांत गव्हर्नर एल्फिन्स्टननं तिथं बंगला बांधायला घेतला. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांची छोटी गाडी नेरळहून वर जाऊ लागली. तोवर व्हरांड्यातला पाईप हा साहेबाच्या चित्राचा भाग झाला होता, आणि साहेब गेल्यावर तो आपल्याकडच्या वकील, प्राध्यापक, चित्रकारांच्या हाती आला. मराठी माणसाला पाईप म्हटलं की पहिल्यांदा बाळासाहेब ठाकरे आठवतात. ते व्यंगचित्रकार होते हे इथं विसरू नये, कुंचल्याबरोबर पाईप चांगला शोभतो.

फुलांच्या वासाचा तंबाखू ओढणारे आज जगात थोडे आणि हट्टी आहेत. त्यांचा एक नियम ठाम असतो, या तंबाखूचा पाईप वेगळा ठेवायचा. कारण लाकडात हा वास एकदा मुरला की दुसरा कुठलाही तंबाखू भरा, आधी जिरॅनियम येतं. काहीजण डबा उघडून वर्षभर मुरवत ठेवतात म्हणजे फुलं खाली बसतात आणि पान वर येतं, तर काहींना फुलंच हवी असतात, ते ताजाच डबा फोडतात. गुलाबानं विष कमी होत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. गुळानंही होत नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिल्सच्या आवारात आग लागली, त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरांवर बंदी घातली. गुळात मळलेल्या, फळाफुलांच्या वासाच्या तंबाखूचा धंदा मांडून बसणं आता बोरघाटाच्या दोन्ही बाजूंना गुन्हा आहे.